कार्डाच्या कडेला साळूबाई

राहीबाई कांबळे शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पण आत येईनात. गिरणीतली पाळी सुटल्यावर तशाच आल्या होत्या. केसांत, भुवयांवर, लुगड्याच्या काठाला कापसाचे तंतू. मी दोनदा या म्हटलं, तेव्हा म्हणाल्या, "फरशी घाण हुईल, बाई. हितनंच इचारते. त्या फोटोंच्या कार्डात रिळिंगच्या बायांचं कार्ड हाय का?"

ही गोष्ट १९६६ सालची. उमानगरच्या कापड गिरणीला त्या वर्षी पन्नास वर्षं होत होती. मी गिरणीच्या शाळेत मास्तरीण होते. समारंभासाठी शाळेच्या मोठ्या वर्गात एक प्रदर्शन मांडायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. गिरणीचे जुने हेडक्लार्क आप्पासाहेब निवृत्त होऊन सांगलीला राहत होते. त्यांनी जपून ठेवलेली चित्रांची पोस्टकार्डं एका बिस्किटाच्या डब्यात घालून पाठवून दिली.

गिरणीच्या मूळ मालकांना हौस मोठी. गिरणी सुरू होऊन दहा-बारा वर्षं झाली तेव्हा त्यांनी साताऱ्याहून फोटोग्राफर बोलावून सगळ्या उमानगरचे फोटो काढवले आणि त्यांची कार्डं छापून घेतली. व्यापाऱ्यांना पाठवायला, पाहुण्यांना द्यायला. मी ती बाकांवर ओळीनं मांडली आणि बराच वेळ बघत बसले. मला चार वर्षं झाली होती त्या गावात, पण ते गाव मी कधी पाहिलंच नव्हतं. दुसरी, मोठी चिमणी अर्धीच चढलेली, तिला बांबूंची परांची. कापसाच्या बैलगाड्यांची रांग. चाळींच्या ओळी, आणि एकाही दारात झाड नाही. आता जिथं टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा, तिथं कमरेइतकी जोंधळ्याची ताटं उभी.

रिळिंग खात्याचं कार्डही त्यात होतं. सूत गुंडाळून त्याच्या लड्या करायच्या, ते हे खातं. तिथं पहिल्यापासून बायकाच. कार्डात सात बायका शेडच्या भिंतीपुढं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातावर सुताची लडी, डोकीवर पदर, तोंडं गंभीर.

राहीबाई शेवटी पाय झटकून आत आल्या. कार्ड त्यांनी हातात घेतलं नाही. बाकावर वाकून एकेका बाईच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ह्यातली माजी आई कंची असंल?"

मी त्यांना बसायला स्टूल दिलं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई साळूबाई याच खात्यात होती. राही दोन वर्षांची असताना तापाच्या साथीत गेली. बाप आधीच गेलेला. साळूबाईची धाकटी बहीण रंगूबाई, तीही तेव्हा त्याच खात्यात. तिनं राहीला वाढवलं. ही मावशी लहानपणापासून सांगायची की तुझ्या आईचा फोटो सायबानं काढलाय, मी शेजारीच हुते. चाळीतल्या बायका हसायच्या. फोटो म्हणजे लग्नात नाहीतर पलटणीत गेल्यावर काढायची गोष्ट; लड्या करणाऱ्या बाईचा फोटो कोण काढतंय? राहीबाईंनाही मोठेपणी वाटायला लागलं होतं, की रडणाऱ्या पोरीची समजूत घालायला मावशीनं रचलं असेल. आता त्या स्वतः चाळिशीला आल्या होत्या, त्याच खात्यात त्यांची वीस वर्षं झाली होती, आणि फोटो खरा निघाला होता.

"मावशीला दाखवायला पायजे," त्या म्हणाल्या. "तिच्याबिगर आता आईला वळखणारं कोण ऱ्हायलं न्हाई."

रविवारी आम्ही दोघी एस.टी.नं निघालो. रंगूबाई पलूसच्या अलीकडं एका खेड्यात आपल्या मुलाजवळ राहत होत्या. घर लहान, शेणानं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. म्हातारी दारातच शेंगा फोडत बसली होती. अंगानं वाळलेली, पण आवाज खणखणीत. राहीबाईंनी कार्ड पुढं धरताच तिनं ते हिसकूनच घेतलं.

"बघ! बघ! मी म्हनत न्हवते? लबाड बोलते व्हय मी?" मग कार्ड उन्हात धरून ती बोट ठेवत गेली. "ही मुक्ता. ह्या खात्यात लय जोराची. ही गवळ्याची सून. ही जॉबरची, म्हंजे मुकादमाची भाची, हिला काम येत न्हवतं..." बोट शेवटच्या बाईवरून पुढं सरकलं, रिकाम्या भिंतीवरून गेलं आणि कार्डाच्या कडेवर येऊन थांबलं. तिथं लुगड्याचा थोडासा काठ होता आणि एक हात होता. कोपरापासून खाली, हातावर लडी. मी ते कार्ड इतके दिवस रोज बघत होते, पण तो हात मला दिसला नव्हता.

"ह्यो साळूचा हात," रंगूबाई म्हणाली.

"आन् बाकीची?" राहीबाईंनी विचारलं.

"बाकीची कापली की गं."

म्हातारीनं शेंगांची टोपली बाजूला सारली. "आमी दोगी तवा म्हारवाड्यातल्या. खात्यात बी आमचं रिळ कोपऱ्यात, पाण्याचं मडकं येगळं. फोटूवाला आला, म्हनला समद्या एका वळीत ऱ्हावा. ऱ्हायलो. पर ह्या साती जनी हिकडं आन् आमी दोगी तिकडं, मदी बैलगाडी जाईल येवढी जागा. त्यो काळं फडकं डोक्यावर घ्यायचा, परत भाईर यायचा, म्हनायचा जवळ सरका, जवळ सरका. कोन सरकतंय? आमी सरकायचं न्हाई, त्या सरकनार न्हाईत. शेवटी त्योच म्हनला, असू द्या. त्यो फडक्यात शिरला की साळूला हसू यायचं. त्यो ढुंगन वर करून वाकायचा न्हवं! जॉबर वरडला तिच्यावर. तरी हसतच हुती."

राहीबाई कार्डाकडं बघत होत्या. मी म्हटलं, आता या काही तरी बोलतील, निदान रडतील. त्या म्हणाल्या, "हात माझ्यावानीच हाय," आणि कार्ड पदरात गुंडाळून ठेवलं.

त्यांचे यजमान जालिंदर गिरणीत बॉयलरवर होते. मितभाषी माणूस. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "हात तर घावला. कैक जनांना येवढं बी घावत न्हाई." बायकोला बरं वाटावं म्हणूनच बोलले ते. पण राहीबाईंना ते लागलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या शाळेत आल्या, या वेळी सरळ आत आल्या, आणि म्हणाल्या, "बाई, ज्यानं फोटू काढला त्यानं तर समदा काढला आसंल न्हवं? कापला तो मागनं. मग समदा कुठं तरी आसंल."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आम्ही कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सातारच्या स्टुडिओचं नाव होतं आणि पत्ता गुरुवार पेठेतला.

राहीबाईंनी रजा काढली. मला म्हणाल्या, "तुमी चला. मला साताऱ्यात कोन वळखत न्हाई आन् मी कुनाला." कराडला गाडी बदलून आम्ही दुपारी साताऱ्यात उतरलो. फोटोग्राफर केव्हाच वारले होते. दुकान त्यांचा मुलगा हंबीरराव चालवत होता. पन्नाशीचा, जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. दुकानात पडदा, त्यावर रंगवलेला तलाव आणि हंस. आम्ही कार्ड दाखवल्यावर तो ते वडिलांचं म्हणून कौतुकानं बघत राहिला, पण राहीबाईंचं म्हणणं ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही फार उशिरा आलात," तो म्हणाला. "त्या वेळी फोटो काचेवर निघायचे. वडलांच्या हजारो काचा होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत काच मिळेना, तेव्हा आम्ही गरम पाण्यात सोडा टाकून त्यावरचा मसाला धुऊन काढला आणि त्याच काचा तसबिरींना वापरल्या. अर्ध्या साताऱ्याचे देव आमच्या जुन्या काचांमागं आहेत."

"समद्या धुतल्या?" राहीबाईंनी विचारलं.

"सगळ्या नाही. माळ्यावर काही पेट्या असतील. पण त्यात तुमची असेल असं..."

"मी बघते की. तुमी शिडी द्या."

हंबीररावांनी शिडी लावली, पण चढू दिलं नाही, स्वतःच चढले. एकेक लाकडी पेटी खाली येत गेली. काचा कागदात गुंडाळून उभ्या लावलेल्या. कागदांवर कुठं लग्नाचं, कुठं पहिलवानाचं, कुठं नुसतंच आडनाव. आम्ही तिघंही जमिनीवर बसून उलगडत गेलो. हंबीरराव अधूनमधून गिऱ्हाइकाला उठायचे आणि परत येऊन बसायचे. तिसऱ्या पेटीत उमानगर लागलं. चिमणी निघाली. बाजार निघाला. नदीवरचा पंप निघाला. रिळिंगचा कागद उलगडला, तर आत दोन तुकडे.

हंबीररावांनी मोठा तुकडा खिडकीशी धरला. काचेवर सगळं उलटं असतं, हे मला ऐकून माहीत होतं. माणसांची तोंडं काळी, केस पांढरे, लुगडी राखेसारखी. राहीबाई पुढं झाल्या आणि एकदम मागं सरकल्या.

"अगं आई गं. ही तर भुतं हायती."

"थांबा जरा. कागदावर उतरू द्या," हंबीरराव म्हणाले आणि तुकडे घेऊन आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले. आम्ही त्या रंगवलेल्या तलावापुढच्या बाकावर बसलो. राहीबाई दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "लग्नात बी मला असं झालं न्हवतं."

हंबीरराव ओला कागद दोन बोटांत धरून बाहेर आले.

सात बायका होत्या तशाच. त्यांच्या उजवीकडं नुसती भिंत, बरीच भिंत, तिच्यावर एका बादलीची सावली. आणि त्या भिंतीच्या पलीकडं एक मुलगी. अंगानं लहान चणीची, पदर डोक्यावरून अर्धा घसरलेला, आणि ती हसत होती. हसताना मान हलली असावी, म्हणून ओठांपाशी चित्र जरा पुसट होतं. पण डोळे स्वच्छ दिसत होते. तिच्या शेजारी आणखी एकीचं लुगडं आणि पाय होते. कमरेच्या वर कागद कोरा. काचेचा तो कोपरा फुटून कुठं तरी हरवला होता.

राहीबाई कितीतरी वेळ बघत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "ही तर पोरगी हाय."

मी वाकून पाहिलं; असेल सतरा-अठराची.

"माज्या पोरीच्या, सुमनच्या बरूबरीची. मी सपनात बगायची, तर आई म्हातारी आसायची. माज्यापरास म्हातारी. आन् ही..." त्यांनी बोट कागदाजवळ नेलं आणि ओला म्हणून मागं घेतलं. "हिला तर पदर सुदीक नीट घेता येत न्हाई." आणि मग त्या रडल्या. पण ते रडणं मला वाटलं तसं नव्हतं. पोर पडल्यावर आई रडते तसं होतं ते, स्वतःसाठी नव्हे.

हंबीरराव प्रेमळ माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "ताई, मी असं करतो. आईचा तेवढा चेहरा काढून, मोठा करून, छान तसबीर करून देतो. बाकीचं कापून टाकू."

राहीबाईंनी डोळे पुसले. "न्हाई, दादा. आता काय कापू नगा. हाय तसं द्या."

रंगूबाईला तो फोटो दाखवला तेव्हा मी बरोबर नव्हते. राहीबाईंनीच नंतर सांगितलं. म्हातारीनं बहिणीला ओळखलं, तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मग शेजारच्या बिनमुंडक्याच्या लुगड्याकडं बघून जी हसायला लागली ती थांबेना. "बरं झालं माजं मुंडकं फुटलं ते! मी हाय की जित्ती. तिचं फुटलं आसतं तर काय केलं आसतंस?"

प्रदर्शनाचा दिवस जवळ आला. गिरणीच्या हाफिसातून निरोप आला की छापील कार्डंच मोठी करून लावावीत. तो फुटका फोटो समारंभाला शोभणार नाही. मॅनेजर साहेब त्या वर्षीच आले होते, वाईट नव्हते, पण त्यांना सगळं नीटनेटकं लागायचं. मी चिठ्ठी लिहून विनंती करणार होते. राहीबाई म्हणाल्या, "कशाला, मी जाते."

जेवणाच्या सुट्टीत त्या सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. मी दाराशी होते. साहेबांनी बसा म्हटलं, पण त्या उभ्याच राहिल्या आणि फोटो टेबलावर ठेवला.

"सायेब, ही माजी आई. ही मावशी. गिरनीत ह्या सातींनी जेवढं सूत गुंडाळलं तेवढंच ह्या दोगींनी गुंडाळलं. कार्डात मावल्या न्हाईत. तुमी तेवढी जागा द्या."

साहेबांनी फोटो पाहिला. "मध्ये एवढी जागा का सोडली आहे?"

"ते तुमाला ह्या गावात कोन बी सांगंल," राहीबाई म्हणाल्या.

साहेबांनी फोटो उचलून परत पाहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तर मग कार्डाऐवजी हाच लावू या का?"

"न्हाई, दोनी लावा," राहीबाईंनीच उत्तर दिलं. "शेजारी-शेजारी. म्हंजे कळंल."

दोन्ही लावले. समारंभाच्या दिवशी सगळं उमानगर लोटलं होतं. चिमणीच्या फोटोपुढं पुरुष, बाजाराच्या फोटोपुढं बायका, पण दुपारनंतर पाहिलं तर सगळ्यात जास्त गर्दी रिळिंगच्या दोन चित्रांपुढं. लोक आधी डावीकडचं बघायचे, मग उजवीकडचं, मग परत डावीकडचं.

संध्याकाळी मुक्ताबाई आल्या. कार्डातल्या मधल्या. आता साठी उलटलेल्या, गिरणीतून केव्हाच सुटलेल्या. मुलगे उसाच्या मळ्यात, नातू पलटणीत. घरात मोठा मान. चित्रापुढं आल्या आणि काठी टेकून उभ्या राहिल्या. राहीबाई तिथंच होत्या. मुक्ताबाईंनी त्यांच्याकडं न बघता म्हटलं, "त्या दिशी लय ऊन हुतं."

राहीबाई म्हणाल्या, "ऊन समद्यांनाच हुतं, आत्या."

मुक्ताबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "साळू गानी म्हनायची. खात्यात मशिनीच्या आवाजात बी ऐकू यायची. तुला कुनी सांगितलं का?"

"न्हाई."

"रंगी हाय का अजून?"

राहीबाईंनी गाव सांगितलं. एवढंच बोलणं झालं. मला वाटलं संपलं. पण पुढच्याच आठवड्यात मुक्ताबाई नातसुनेला घेऊन एस.टी.नं रंगूबाईच्या दारात उतरल्या. त्या दोघी काय बोलल्या ते कुणालाच नीट कळलं नाही. रंगूबाईला विचारलं तर म्हणायची, "काय बोलनार? दोगींच्याबी गुडघ्यांचं बोललो. आन् दोन गानी आठवली, साळूची. तिला निम्मं येत हुतं, मला निम्मं." ती गाणी मग रंगूबाईनं राहीबाईंना शिकवली. राहीबाईंचा गळा चांगला नव्हता. तरी त्या रिळावर बसून म्हणायच्या, आणि शेजारच्या बायका हसत हसत उचलायच्या.

पुढच्या साली डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. आमच्याकडं धक्का मोठा बसला, चाळीच्या भिंतींना चिरा गेल्या, पण माणसं वाचली. रंगूबाई त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली, आजारपण न काढता. राहीबाई तिच्या मातीला जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी पाळीला हजर झाल्या. मला म्हणाल्या, "दोन आया झाल्या मला. एकीला फोटूतच बगितलं, एकीला पोटभर बगितलं."

या सगळ्यातून एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसताना सुरू झाली. प्रदर्शनातली कार्डं पाहून गावातली माणसं राहीबाईंकडं यायला लागली. कुणाचा बाप चिमणीच्या परांचीवर होता, कुणाचा आजा बाजारच्या फोटोत पाठमोरा दिसत होता. कार्डात नाही तर काचेत असेल, अशी एक आशा सगळ्यांना लागली. राहीबाई त्यांना साताऱ्याला, गुरुवार पेठेतल्या त्या दुकानात घेऊन जायच्या. सुट्टीच्या दिवशी, स्वतः. हंबीररावांनी माळ्यावरच्या उरलेल्या पेट्या खाली आणून फळीवर लावून ठेवल्या होत्या. काच धुणं तर त्यांनी बंदच केलं. बहुतेकांना काही मिळायचं नाही. ती माणसं परत येताना गप्प असायची, आणि राहीबाई त्यांच्याशी ऊसपाण्याच्या, पोराबाळांच्या गोष्टी काढत बसायच्या.

१९६९ मध्ये मला इस्लामपूरच्या शाळेत नोकरी मिळाली. एकदा तिथल्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीत राहीबाई दिसल्या. शेजारी नाथाजी नावाचा एक थकलेला म्हातारा होता, बॉयलरवर जालिंदररावांच्या आधी होता तो. त्याचा थोरला भाऊ परांचीवरून पडून गेला होता, चिमणी बांधताना. गाडी भरलेली, दोघंही उभी. राहीबाई कंडक्टरशी भांडत होत्या.

"आवं, बसायला जागा द्या की म्हाताऱ्याला. भावाला भेटायला निगालाय."

"कुठं असतो भाऊ?" कंडक्टरनं विचारलं.

"साताऱ्यात," राहीबाई म्हणाल्या. "गुरुवार पेठंत."

एका तरुणानं उठून जागा दिली. मी बाहेरून खिडकीपाशी जाऊन हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं, हात वर केला आणि काही तरी ओरडून सांगितलं. पण इंजिनच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही, आणि गाडी सुटली.